एकच मूळ, घरोघरी प्रत
(अभ्यास पाठ – भाषांतर सेवा)

॥ श्री सद्गुरुचरणी नमस्कार ॥



मागच्या काही दिवसांत सौंसर, पांढुर्णा आणि नागपूरच्या कुटुंबगटांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "ताई, प्रवचनांच्या हिंदी भाषांतराचं काम सर्व्हरवर ठेवलं आहे म्हणता, मग ते आमच्या घरच्या संगणकावर आणायचं कसं? व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवून द्या ना, सोपं पडेल." म्हणून आजचा पाठ याच विषयावर आहे. पाठ थोडा लांब आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तर दोन दिवसांत वाचा, पण घरात मोठ्याने वाचा. म्हणजे संगणकावर बसणारे आणि न बसणारे, दोघांनाही कळेल.

*ही सेवा आपल्याकडे का लागते*

१९५६ पर्यंत छिंदवाडा जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि सौंसर-पांढुर्णा छिंदवाड्याबरोबर मध्यप्रदेशातच राहिलं. राजधानी भोपाळ झाली. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. राज्य आणि जिल्हा असे बदलले, पण घरातली भाषा मराठीच राहिली. भाजी, भांडण, ओवाळणं, अंगाई सगळं मराठीत. शाळा मात्र बहुतेक मुलांची हिंदीत, नाहीतर इंग्रजीत.

याचा परिणाम आपण सगळे आपापल्या घरात बघतो. नातवाला आजीचं बोलणं पूर्ण समजतं, पण सद्गुरूंचं छापील प्रवचन हातात दिलं तर तो दोन ओळींत अडखळतो. "आजी, तूच वाच." म्हणून हिंदी भाषांतर हवं.

दुसरी बाजूही बघा. प्रवचनातल्या शब्दाचा नेमका अर्थ ज्यांना कळतो, ते आपले काका-काकू बहुतेक साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत. संगणक ज्यांना येतो, त्यांचं मराठी वाचन कच्चं. दोघं एका टेबलाशी बसले तरच हे काम होणार आहे, आणि त्यासाठी वेळ काही अमर्याद नाही. एखादे काका गेले की त्यांच्याबरोबर शंभर शब्दांचे अर्थ जातात. ते अर्थ आज लिहून ठेवायचे आहेत, आणि असे लिहून ठेवायचे आहेत की एका घरचा लॅपटॉप बिघडला म्हणून हरवणार नाहीत.

*शब्द एक, अर्थ दोन*

मराठी आणि हिंदीची लिपी एक, पुष्कळ शब्दही एकसारखे. त्यामुळे वाटतं, भाषांतरात काय कठीण आहे? पण फसगत इथेच होते. थोडी उदाहरणं घेऊ.

प्रपंच – आपल्याला प्रपंच म्हणजे घरदार, मुलंबाळं, रोजचा व्यवहार. हिंदीत 'प्रपंच' म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात बखेडा, ढोंग, फसवेगिरी येते. "प्रपंच सांभाळून नाम घ्या" हे वाक्य तसंच हिंदीत ठेवलं तर मुलगा काय समजेल?

संसार – आपल्याला घरसंसार. हिंदीत 'संसार' म्हणजे सगळं जग. इथे 'गृहस्थी' लिहावं लागतं.

राग – आपल्याकडे क्रोध. हिंदीत गाण्यातला राग, नाहीतर आसक्ती. "राग सोडा" म्हटलं तर हिंदी वाचणारा वेगळंच सोडायला जाईल.

चेष्टा – आपल्याकडे थट्टा. हिंदीत प्रयत्न. "कोणाची चेष्टा करू नये" याचं कच्चं भाषांतर झालं तर 'प्रयत्न करू नये' असा अर्थ निघतो!

शिक्षा – आपल्याकडे दंड. हिंदीत शिक्षण. "मुलांना शिक्षा देऊ नका" हे वाक्य नीट न बदलता गेलं तर सद्गुरू मुलांना शिकवू नका म्हणतात, असा अर्थ होईल.

कौतुक – आपल्याकडे शाबासकी, प्रेमाने केलेली वाखाणणी. हिंदीत कुतूहल किंवा तमाशा.

आता समजा, तीन घरांत तीन जणी वेगवेगळी प्रवचनं करत आहेत. एकीने प्रपंचाला 'गृहस्थी' लिहिलं, दुसरीने 'घर-परिवार', तिसरीने 'प्रपंच' तसाच ठेवला. तिघींची भावना चांगली, मेहनत खरी. पण वाचणाऱ्या मुलाला एकाच गुरूंच्या तोंडून तीन निराळ्या गोष्टी ऐकू येतात. म्हणून शब्दांची यादी सगळ्यांची एक हवी, आणि एकीने आज ठरवलेला शब्द उद्या सकाळी बाकीच्यांना दिसायला हवा. फाइल फॉरवर्ड करून हे होत नाही. कारण फॉरवर्ड केलेली फाइल ज्या क्षणी पाठवली त्या क्षणापाशी थांबते. पुढे मूळ फाइलमध्ये काय बदललं ते तिला कळत नाही.

*आपल्या पोथ्यांचा इतिहास काय सांगतो*

पांढुर्ण्याहून वरूड, मोर्शी करत गेलं की अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर लागतं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ 'लीळाचरित्र' तयार केला. त्यांची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. ज्याने जी लीळा पाहिली-ऐकली, त्याच्याकडे जाऊन ती विचारून घेतली, आणि आचार्य नागदेवांकडून तपासून घेतली. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरवली. मग शिष्यांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. ग्रंथ वाचला, पण वेगवेगळ्या जणांच्या आठवणीतून वेगवेगळे पाठ तयार झाले. हिराइसांचा पाठ त्यांतलाच एक. अनेक शतकांनी डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांना कितीतरी हस्तलिखितं एकमेकांशी ताडून संपादन करावं लागलं.

दुसरं उदाहरण ज्ञानेश्वरीचं. ती तर स्वतःच भाषांतराच्या सेवेतून आलेली, गीतेचा अर्थ मराठीत आणणारी. शके १२१२ मध्ये नेवाशाला ग्रंथ पूर्ण झाला, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला. मग पुढची जवळजवळ तीनशे वर्षं लोकांनी हाताने प्रती केल्या. प्रत करताना कुठे शब्द सुटला, कुठे कळला नाही म्हणून सोपा घातला, कुठे भक्तीच्या भरात आपल्या पदरची ओवी जोडली. असं करणारा कोणी वाईट माणूस नव्हता. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथ महाराजांनी प्रती जमवून, ताडून, ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असं बजावून ठेवलं.

या दोन गोष्टींतून दोन धडे मिळतात. लीळाचरित्र सांगतं, मूळ एकाच जागी ठेवू नका, हरवेल. ज्ञानेश्वरी सांगते, प्रती एकमेकींपासून तुटू देऊ नका, बदलतील. म्हणजे प्रती घरोघरी हव्यात, पण सगळ्या एका मुळाशी जोडलेल्या हव्यात. आज आपण जे शिकतो आहोत ते नेमकं हेच आहे. फरक इतकाच की तेव्हा ताडून पाहायला कित्येक पिढ्या गेल्या, आता ते काम काही मिनिटांत होतं.

*सर्व्हर आणि घरची प्रत म्हणजे काय*

आपण ज्या प्रोग्राममध्ये काम करतो त्याचं नाव ओमेगाटी. तो मोफत आहे. २००० साली कीथ गॉडफ्रे यांनी तो सुरू केला, आणि आजही जगभरातले स्वयंसेवक तो सांभाळतात. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हीवर चालतो. मोबाइलवर चालत नाही.

हा प्रोग्राम स्वतः भाषांतर करून देतो, असा काहींचा समज आहे. तसं नाही. तो प्रवचनाचे वाक्यावाक्याने तुकडे करतो, एकेक वाक्य आपल्यापुढे ठेवतो, आपण हिंदी लिहितो. लिहिलेलं प्रत्येक वाक्य तो मूळ वाक्याच्या जोडीने लक्षात ठेवतो. तेच वाक्य पुन्हा आलं की आधीचं भाषांतर दाखवतो. प्रवचनाच्या सुरुवातीची आणि शेवटची नेहमीची वाक्यं एकदा नीट केली की झालं.

सर्व्हर म्हणजे नेटवर असलेला, सतत चालू असणारा संगणक. आपल्या प्रकल्पाचं मूळ तिथे असतं. ते 'गिट' नावाच्या व्यवस्थेत ठेवलेलं आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली ही व्यवस्था बनवली, हजारो लोकांना एकाच कामावर एकमेकांचं न पुसता लिहिता यावं म्हणून. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ती ठेवते, आणि जुनी स्थिती परत काढता येते.

घरची प्रत म्हणजे त्या मुळाची आपल्या संगणकावर आणलेली पूर्ण नक्कल. आपण काम करतो ते घरच्या प्रतीवर. मग ओमेगाटी आपलं नवीन काम वर पाठवतो आणि इतरांचं नवीन काम खाली आणतो. याला 'सिंक' म्हणतात.

घरातलंच सांगायचं तर विरजण आठवा. आपण शेजारणीला विरजण देतो. एखाद दिवशी आपलं संपलं किंवा नासलं तर तिच्याकडून परत आणतो. दही मोडलं म्हणून कोणी रडत बसत नाही, कारण विरजण चार घरांत असतं.

*प्रत घरी आणण्याच्या पायऱ्या*

आधी चार गोष्टी जवळ ठेवा. ओमेगाटी घातलेला संगणक (सगळ्यांकडे एकच आवृत्ती असावी, कोणती ते गटप्रमुख सांगतील). चालू नेट. प्रकल्पाचा पत्ता. आणि तुमचं नाव व टोकन.

टोकन म्हणजे पासवर्डच्या जागी वापरायची लांबलचक अक्षरमाळ. गिटहबवर प्रकल्प असेल तर १३ ऑगस्ट २०२१ पासून या कामासाठी साधा पासवर्ड चालत नाही, टोकनच लागतं. "पासवर्ड बरोबर टाकते तरी घेत नाही" अशी तक्रार येते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच. टोकन गटात टाकू नका, फोटो काढून पाठवू नका. घराची किल्ली आहे ती.

१) संगणकावर एक नवीन, रिकामा फोल्डर करा. नाव साधं ठेवा. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये करू नका. तिथे दोन वेगवेगळे प्रोग्राम एकाच वेळी त्याच फाइली हलवायला जातात आणि घोळ होतो.

२) ओमेगाटी उघडा. वर 'प्रोजेक्ट' मेनू आहे. त्यात 'डाउनलोड टीम प्रोजेक्ट' निवडा. साधं 'न्यू' किंवा 'ओपन' नाही. 'न्यू' दाबलं तर नवा, एकटा प्रकल्प तयार होतो. त्याचा मुळाशी काही संबंध नसतो.

३) पहिल्या चौकटीत प्रकल्पाचा पत्ता टाका. हाताने टाइप करू नका, मिळालेला पत्ता कॉपी-पेस्ट करा. मागे-पुढे जास्तीची मोकळी जागा राहिली नाही ना ते बघा.

४) दुसऱ्या चौकटीत आत्ता केलेला रिकामा फोल्डर निवडा.

५) 'ओके' दाबलं की नाव आणि टोकन विचारेल. ते द्या.

६) आता थांबा. नेटच्या गतीप्रमाणे वेळ लागेल. मध्ये बंद करू नका. काम झालं की प्रवचनांची यादी समोर उघडेल.

७) एकदाच करायचं आणखी एक काम. सेटिंग्जमध्ये 'टीम' नावाचा भाग आहे. तिथे तुमचं नाव लिहा. प्रत्येक वाक्याच्या जोडीबरोबर कोणी आणि कधी लिहिलं हे साठवलं जातं. उद्या एखाद्या शब्दावर शंका आली तर कोणाला विचारायचं ते कळतं.

*फोल्डरमध्ये काय काय येतं*

'सोर्स' – मूळ मराठी प्रवचनं. ही फक्त वाचायची. इथे दुरुस्ती करू नका. केली तरी ती टिकत नाही, मूळ येऊन तिला झाकून टाकतं. मराठीतच छपाईची चूक दिसली तर गटप्रमुखांना कळवा.

'टार्गेट' – तयार हिंदी फाइली इथे बनतात. सुरुवातीला रिकामा दिसला तर घाबरू नका.

'ग्लॉसरी' – शब्दांची यादी. प्रपंच-गृहस्थी ही जोडी इथे. हा आपल्या सेवेचा सगळ्यात मोलाचा भाग.

'टीएम' – आधी झालेल्या कामाच्या स्मृती.

'ओमेगाटी' – यात 'प्रोजेक्ट सेव्ह' नावाची फाइल असते. आपली सगळी भाषांतरित वाक्यं तिच्यात असतात. तिला हाताने उघडून बदलू नका.

'रिपॉझिटरीज' नावाचा एक लपलेला फोल्डरही असतो. दिसला तरी त्याला हात लावायचा नाही. मुळाशी असलेलं नातं तोच सांभाळतो.

*रोजचा नेम*

दुसऱ्या दिवशी काम करताना पुन्हा 'डाउनलोड' करायचं नाही. 'प्रोजेक्ट' मेनूत 'ओपन' करून आपलाच फोल्डर उघडायचा. उघडताना ओमेगाटी आपोआप मुळाशी मेळ घालतो. काम चालू असताना तो ठरावीक वेळाने स्वतः साठवतो. मूळ सेटिंग तीन मिनिटांचं आहे. तरीही उठण्याआधी कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय ठेवा, आणि प्रोग्राम रीतसर बंद करा. लॅपटॉपचं झाकण तसंच लावून स्वयंपाकाला जायचं नाही.

कोणी कोणतं प्रवचन घेतलं ते गटात आधी ठरवा. एका प्रवचनावर एका वेळी एकच घर. त्याने निम्मा गोंधळ टळतो.

प्रवचन पूर्ण झालं की 'क्रिएट ट्रान्सलेटेड डॉक्युमेंट्स' केल्यावर हिंदी फाइल 'टार्गेट'मध्ये तयार होते. ती फाइल आपोआप वर जात नाही, हे लक्षात ठेवा. तुमची वाक्यं वर गेलेली असतात, पण पूर्ण बनलेली फाइल वर चढवण्यासाठी वेगळा 'कमिट टार्गेट' पर्याय आहे. तो गटप्रमुखांनीच वापरायचा, म्हणजे न तपासलेली फाइल बाहेर जाणार नाही.

*लाइन गेली, नेट गेलं तर*

आपल्याकडे पावसाळ्यात हे होणारच. नेट नसतानाही घरच्या प्रतीवर काम करता येतं. पत्ता सापडत नाही असा इशारा येतो, तो वाचा आणि पुढे चला. नेट आलं की पुढच्या साठवणीच्या वेळी तुमचं काम वर जातं.

पण एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. वर गेलेलं काम सुरक्षित, न गेलेलं फक्त तुमच्या लॅपटॉपवर. आठवडाभर नेटशिवाय काम केलं आणि आठव्या दिवशी लॅपटॉपवर चहा सांडला, तर आठवड्याचं काम गेलं. म्हणून निदान दिवसातून एकदा फोनच्या नेटवर का होईना, जोडून घ्या.

*दोघांनी एकच वाक्य केलं तर*

समजा तुमचं नेट बंद होतं, आणि त्याच वेळी दुसऱ्या घरी कोणीतरी तेच वाक्य वेगळं लिहिलं. मेळ घालताना ओमेगाटी थांबतो आणि दोन्ही रूपं समोर ठेवतो, तुमचं आणि त्यांचं. कोणतं ठेवायचं ते विचारतो.

इथे आपल्या सेवेची खरी परीक्षा आहे. आपलं तेच बरोबर वाटणं साहजिक आहे. पण बटण दाबण्याआधी दुसऱ्या घरी फोन करायचा. "ताई, तुम्ही इथे 'आसक्ति' का लिहिलं?" असं विचारायचं. कधी कळतं की त्यांनी घरच्या आजोबांना विचारून लिहिलं होतं, आणि तेच नेमकं होतं. कधी आपलं बरोबर निघतं. फोन न करता दाबलेलं बटण म्हणजे भक्तीच्या भरात जोडलेली ओवी. अर्थ ठरला की तो शब्द ग्लॉसरीत घाला, म्हणजे पुढच्या वेळी कोणालाच फोन करावा लागणार नाही.

*नेहमी येणारे प्रश्न*

प्रश्न : पेनड्राइव्हवर फोल्डर कॉपी करून बहिणीला दिला तर?
उत्तर : वाचायला दिला तर हरकत नाही. कामासाठी नको. तिने आपल्या नावाने, आपल्या टोकनने स्वतःची प्रत उतरवावी. म्हणजे तिचं काम तिच्या नावाने राहील आणि तुमची किल्ली तुमच्याकडे.

प्रश्न : प्रत उघडतच नाही, काहीतरी बिघडलं आहे.
उत्तर : फोल्डर लगेच पुसू नका. त्याला बाजूला ठेवा, दुसरा रिकामा फोल्डर करा आणि पुन्हा 'डाउनलोड टीम प्रोजेक्ट' करा. वर गेलेलं सगळं परत येईल. न गेलेली काही वाक्यं जुन्या फोल्डरातून काढता येतात, त्यासाठी गटप्रमुखांना सांगा.

प्रश्न : लॅपटॉपच बदलला.
उत्तर : नव्यावर ओमेगाटी घाला आणि वरच्या सात पायऱ्या करा. जुन्यातून काही आणावं लागत नाही. जुना विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर त्यातलं टोकन आधी रद्द करा.

प्रश्न : मला संगणक येत नाही, मी काय सेवा करू?
उत्तर : सगळ्यात जास्त गरज तुमचीच आहे. मूळ मराठी मोठ्याने वाचा, कठीण शब्दाचा अर्थ तुमच्या बोलीत सांगा, उदाहरण द्या. टाइप करणारा नातू किंवा सून तो लिहील. तयार हिंदी वाचून घ्या आणि कानाला खटकलं तिथे थांबवा.

*या आठवड्याचा स्वाध्याय*

१) प्रत्येक कुटुंबगटाने एका घरी प्रत उतरवावी. सगळ्या घरी एकदम नको. एक जमली की तिच्याजवळ बसून दुसऱ्याने शिकावं.

२) घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसून असे पाच मराठी शब्द काढा की ज्यांचा हिंदीत वेगळा अर्थ होतो. वर दिलेले सोडून. अर्थ त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. ग्लॉसरीत घालण्याआधी रविवारच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून हिंदी शब्द ठरवू.

३) घरातल्या हिंदी शाळेतल्या मुलाला एक तयार पान वाचायला द्या. वाचून झालं की 'समजलं का' असं विचारू नका. त्याला काय समजलं ते त्याच्या शब्दांत सांगू द्या. भाषांतर बरोबर आहे की नाही ते तिथेच कळतं.

ज्यांच्या घरी वय झालेले आई-बाबा, आजी-आजोबा आहेत त्यांनी दुसरा स्वाध्याय पुढच्या आठवड्यावर ढकलू नये, ही हात जोडून विनंती. प्रत पुन्हा उतरवता येते. माणसाच्या आठवणीतला अर्थ मात्र त्याने सांगितला तरच आपल्याला मिळतो.

अडलं तर दुपारी २ ते ४ मध्ये गटात विचारा. फोटो पाठवताना त्यात टोकन दिसत नाही ना ते आधी बघा.


– भाषांतर सेवा, सौंसर